टोके नसलेला मफलर



दिवाळी सरली की आपल्या खानदेशात गारठा उतरू लागतो. मे महिन्यात ज्या जळगावात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्याच जळगावात डिसेंबर-जानेवारीत तो एका आकड्यावर येतो. धुळ्याची तर गोष्टच निराळी. तेथल्या कृषी महाविद्यालयात नोंदलेले तापमान थंडीच्या दिवसांत वर्तमानपत्रांत छापून येते आणि काही वर्षी ते ५-६ अंशांपर्यंत उतरलेले असते.

या थंडीत ज्यांना पांघरुणात पडून राहता येते त्यांचा प्रश्न नाही. पण आपल्या घरांतली माणसे पहाटेच बाहेर पडतात. रावेर-यावलकडे केळीच्या बागेला रात्री वीज येते तेव्हा पाणी भरणारा मजूर असतो. पाच वाजता झाडू घेऊन निघणारी सफाई कामगार बाई असते. जिनिंगमध्ये, डाळ मिलमध्ये, एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारे असतात. सायकलवर दूध आणि पेपर टाकणारी पोरे असतात. मोटारसायकलवर नवऱ्याच्या मागे बसून तालुक्याला जाणारी बाई असते आणि स्कूटीवरून कॉलेजला निघालेली लेकही असते. यांच्या प्रत्येकाच्या गळ्याभोवती काही ना काही गुंडाळलेले दिसते. कुणाचा मफलर, कुणाची ओढणी, कुणाचा नुसता टॉवेल.

गळा झाकला पाहिजे हे खरेच. पण त्या कापडाची लोंबणारी टोके कुठे जातात, याचा विचार आपण फारसा करीत नाही. म्हणून आज आम्ही असा मफलर विणायला सांगणार आहोत की ज्याला टोकेच नाहीत. तो गोल विणायचा आणि विणताना त्याला मुद्दाम एक पीळ द्यायचा. पण तो कसा विणायचा यापेक्षा का विणायचा, हे आधी सांगतो.

लोंबते टोक आणि फिरते चाक

सन १९२७ सालची गोष्ट. इझाडोरा डंकन नावाची अमेरिकेत जन्मलेली जगप्रसिद्ध नर्तकी होती. १४ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधल्या नीस या गावी ती उघड्या मोटारीत बसली. तिच्या गळ्यात लांबलचक रेशमी स्कार्फ होता. गाडी सुरू झाली, स्कार्फचे टोक मागच्या चाकात गुंतले आणि क्षणात त्या बाईचा जीव गेला. तिचे वय तेव्हा ५० वर्षांचे होते. सारे जग हळहळले.

आपल्याकडे असे अपघात होतात तेव्हा जग हळहळत नाही. पेपरात चार ओळी येतात. ओढणी मोटारसायकलच्या चाकात गेली, पदर पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यात आला, मळणी यंत्रात मफलर ओढला गेला. आपल्या देशातल्या डॉक्टरांनी ओढणीमुळे होणाऱ्या गळ्याच्या इजांवर वैद्यकीय मासिकांत लेखही लिहिले आहेत. गळ्याभोवतीचे कापड चाकाने ओढले की माणसाला हात वर करायलाही वेळ मिळत नाही.

सरकारलाही हे माहीत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यातला १२३ वा नियम हेच सांगतो. ज्या मोटारसायकलवर मागे बसायची सोय आहे तिला धरायला दांडी, पाय ठेवायला आधार आणि मागचे चाक निदान अर्धे झाकणारे संरक्षण असले पाहिजे. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून हा नियम केला. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो तो हाच. आणि आपली तरुण पोरे गाडी घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात काय काढून टाकतात? साडीगार्ड! गाडी ‘भारी’ दिसावी म्हणून. भगिनींनो, तुमच्या घरच्या गाडीला साडीगार्ड नसेल तर मफलर विणायला बसण्याआधी तो लावून घ्या. आमचे हे पहिले सांगणे.

कारखान्याचेही तसेच. १९४८ च्या कारखाना कायद्यात २२ वे कलम होते. चालू यंत्राजवळ जाऊन तपासणी किंवा तेलपाणी करणाऱ्या कामगाराचे कपडे अंगासरशी बसणारे असावेत आणि ते मालकाने पुरवावेत, असे त्यात लिहिले होते. धोका असेल तेथे स्त्रियांना आणि अल्पवयीनांना चालू यंत्राची सफाई किंवा तेलपाणी करू देऊ नये, असेही त्यात होते. सैल कापड आणि फिरते यंत्र यांचे वैर कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते. ते आपणही ओळखले पाहिजे.

गोल मफलरने काय साधते, काय साधत नाही

टोके नसलेला मफलर डोक्यातून गळ्यात घालायचा. लांब मफलरासारखी त्याची टोके पाठीवर उडत नाहीत. वाऱ्याने सुटत नाही, पुन्हा पुन्हा गुंडाळावा लागत नाही. बांगड्यांत, सायकलच्या हँडलमध्ये किंवा मुलाच्या हातात अडकत नाही. वर स्वेटर किंवा जाकीट घातले की सगळा आत बसतो.

पण याच ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. गोल मफलर गळ्यातून सहज सुटत नाही, हा त्याचा गुण तसाच दोषही आहे. कशात अडकलाच तर तो गळून पडणार नाही. म्हणून हे नियम पाळा:

जिनिंग, गिरणी, मळणी यंत्र, कडबाकुट्टी, रसवंती, यंत्रमाग अशा कोणत्याही फिरत्या यंत्राजवळ काम असेल तर गळ्यात काहीच नको. हा मफलरही नको. येता-जाता घाला, कामाला लागताना काढून पिशवीत ठेवा. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणीचा अंबाडा घाला.

लहान मुलांच्या गळ्यात गोल मफलर घालू नका. झोका, घसरगुंडी, खाटेचा खूर, कशातही तो अडकू शकतो. लहानग्यांना कानटोपी आणि बंद गळ्याचे स्वेटर पुरते. झोपताना तर कुणीच घालू नये.

गाडी चालवताना हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली कातडीला लागून घट्ट बसला पाहिजे. मफलर त्याच्या खाली, गळ्याशी राहील. मफलरवरून पट्टा आवळला तर तो सैलच राहतो आणि हेल्मेट असून नसल्यासारखे होते.

पीळ कशासाठी?

साधा गोल विणलेला मफलर गळ्यात हारासारखा लोंबतो. पुढच्या बाजूला तोंड उघडे राहते आणि नेमका तेथूनच वारा आत शिरतो. त्याच गोलाला एक पीळ दिला की पट्टी स्वतःवरून एकदा आडवी जाते. तो आडवा भाग कंठाशी बसतो आणि फट बंद होते. बस्स, पिळाचे काम एवढेच. घालताना पीळ पुढे घ्या आणि सपाट भाग मानेवर ठेवा.

गोल विणकाम शिकवताना पहिली ताकीद दिली जाते ती ‘पीळ पडू देऊ नका’ अशी. स्वेटरच्या गळ्याला किंवा टोपीला पीळ पडला तर सगळे उसवावे लागते. येथे मात्र आपण तोच पीळ मोजून, ठरवून, एकदाच देणार आहोत.

सामान

लोकर: जाड लोकर, किंवा नेहमीची चार पदरी लोकर दुहेरी करून. दीडशे ग्रॅम पुरते. एकाच वेळी सगळी घ्या, कारण पुढच्या लॉटचा रंग थोडा वेगळा निघतो.

बाजारात लोकर म्हणून जे मिळते त्यातले बरेचसे ॲक्रिलिक असते, म्हणजे कारखान्यात रसायनांपासून केलेला धागा. तो स्वस्त, हलका आणि धुवायला सोपा. त्यात वाईट काही नाही. मात्र तो आगीजवळ वितळतो आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटतो. मेंढीची लोकर सहजासहजी पेटत नाही. तेव्हा ॲक्रिलिकचा मफलर घालून चुलीपुढे वाकू नका आणि शेकोटीला अगदी खेटून बसू नका. घेतलेली लोकर कोणती हे ओळखायचे असेल तर वीतभर धागा चिमट्यात धरून थाळीवर जाळून पाहा. मेंढीच्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि तिची राख बोटाने चुरडते. ॲक्रिलिकचा काळा कडक मणी होतो. कागद जळल्यासारखा वास आला तर तो सुती धागा समजावा.

सुई: गोल सुई, म्हणजे दोन टोके आणि मध्ये प्लॅस्टिकची वायर असलेली. लांबी ६० सेंटिमीटर, नंबर ६. आपल्या दुकानांतल्या सुयांच्या नंबरात एक गंमत असते. नंबर वाढला की सुई बारीक होते. ६ नंबरची सुई ५ मिलिमीटर जाडीची, ८ नंबरची ४ मिलिमीटरची आणि १० नंबरची त्याहून बारीक.

याखेरीज वेगळ्या रंगाचा धाग्याचा तुकडा खुणेसाठी, मोठ्या भोकाची सुई, मोजपट्टी आणि कात्री.

माप

तयार मफलरचा घेर ७८ सेंटिमीटर आणि उंची १८ सेंटिमीटर धरली आहे. मोठ्या माणसाचे डोके साधारण ५५ ते ५८ सेंटिमीटर भरते, म्हणून पीळ असूनही तो डोक्यातून सहज जातो.

प्रत्येकीचा हात सारखा नसतो. कुणी घट्ट विणते, कुणी सैल. म्हणून आधी २५ टाके घालून हातभर नको, चार बोटे तरी विणून पाहा. १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजा. १८ बसले तर आमचा हिशेब तुम्हाला जसाच्या तसा चालेल. नाहीतर जे टाके आले त्यांना ७.८ ने गुणा. १६ आले तर १२५ टाके घ्या, २० आले तर १५५ घ्या. आकडा मात्र विषम हवा. तो का, हे पुढे कळेल.

विणायला सुरुवात

सुईवर १४१ टाके सैल हाताने घाला. टाके सगळ्या वायरवर पसरवा आणि सुई चटईवर किंवा टेबलावर गोलाकार ठेवा. खालची गाठींची कड सगळीकडे सुईच्या खाली, आतल्या बाजूला येईल अशी सरळ करून घ्या. आता हा साधा गोल झाला.

आता पीळ द्यायचा. उजव्या सुईच्या टोकाजवळचे वीसेक टाके धरा आणि त्यांची गाठींची कड सुईवरून एक पूर्ण फेरा फिरवून पुन्हा खाली आणा. बोटाने कड चाचपत गोलभर फिरा. ती एका ठिकाणी, आणि एकाच ठिकाणी, सुईला वळसा घालून गेलेली लागली पाहिजे. दोन वळसे झाले तर मफलर दोरखंडासारखा होईल आणि गळ्याला आवळेल.

मग दोन्ही टोके जवळ आणा, खुणेचा धागा सुईवर अडकवा आणि पहिला टाका विणून धागा जरा ओढून घ्या, म्हणजे जोड सैल राहणार नाही. पहिली फेरी पुरी होण्याआधी पीळ आणखी एकदा तपासा. फेरी जुळली की पीळ कायमचा बसतो. त्यानंतर तो काढायचा किंवा घालायचा तर उसवण्यावाचून उपाय नाही.

साबुदाणा वीण

साध्या सुलट विणीची कड गुंडाळली जाते आणि तिची मागची बाजू वेगळी दिसते. पिळाच्या मफलरात दोन्ही बाजू बाहेर दिसतात, म्हणून दोन्हीकडून सारखी असणारी वीण हवी. यासाठी साबुदाणा वीण उत्तम. एक टाका सुलट, एक टाका उलट, पुन्हा एक सुलट, एक उलट. असेच विणत राहायचे.

आता विषम आकड्याचे कारण सांगतो. १४१ टाके असल्याने पहिली फेरी सुलट टाक्याने संपते आणि दुसरी फेरी आपोआप उलट टाक्याने सुरू होते. म्हणजे खालच्या सुलटवर उलट आणि उलटवर सुलट पडते. त्यातूनच साबुदाण्याचे दाणे उमटतात. फेरी मोजायला नको, नमुना पाठ करायला नको. हात चालत राहिला की वीण होत राहते. म्हणून पहिल्यांदाच गोल विणणाऱ्या मुलीलाही हे काम देता येते.

नवशिक्यांनी एक सांभाळावे. सुलट टाक्याला धागा सुईच्या मागे असतो आणि उलट टाक्याला पुढे. सुलटवरून उलटवर जाताना धागा दोन सुयांच्या मधून पुढे आणा, आणि उलटवरून सुलटवर जाताना तसाच मधून मागे न्या. धागा सुईवरून गेला तर एक नवा टाका तयार होतो आणि टाके वाढू लागतात. चुकले हे कसे कळायचे? सुलटवर सुलट येऊ लागले की समजावे, मागे कुठेतरी टाका वाढला किंवा सुटला. तेथेच थांबा, टाके मोजा आणि तेवढेच मागे उसवून घ्या.

चार-पाच फेऱ्या होईपर्यंत काम हातात वेडेवाकडे वाटेल. वायरभोवती कापड फिरलेले दिसेल. घाबरू नका, ते तसेच दिसणार. तीन बोटे विणून झाले की पीळ स्वतःची जागा घेतो.

सुमारे ५४ फेऱ्यांत १८ सेंटिमीटर उंची होते. मग टाके बंद करायचे, पण सैल. त्यासाठी उजव्या हातात ५ नंबरची, म्हणजे जराशी जाड सुई घेतली तर बरे. सुलटवर उलट, उलटवर सुलट असे विणतच टाके बंद करा. शेवटचा धागा मोठ्या भोकाच्या सुईने आत ओवून कापा.

धुताना थंड पाणी आणि थोडा साबण. पिळून काढू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत आडवा पसरून वाळवा. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवू नका. एकदा तापलेला ॲक्रिलिकचा ताण गेला की तो परत येत नाही आणि मफलर लुळा पडतो.

गोल सुई नसेल तर

तालुक्याच्या दुकानात गोल सुई मिळेलच असे नाही. तेव्हा दोन सरळ सुयांवरही हा मफलर होतो. ३३ टाके घाला. प्रत्येक ओळ सुलट टाक्याने सुरू करून एक सुलट, एक उलट विणत जा. टाके विषम असल्याने येथेही साबुदाणा आपोआप येतो. पट्टी ७८ सेंटिमीटर लांब झाली की टाके बंद करा. पट्टी जमिनीवर सरळ ठेवा, तिचे एक टोक अर्धे वळवा, म्हणजे वरची बाजू खाली जाईल, आणि दोन्ही टोके टाक्याला टाका लावून शिवून टाका.

सुया नसल्या तर बांबूच्या कामट्या पेन्सिलीहून थोड्या बारीक तासून, पॉलिश पेपरने गुळगुळीत करून घ्या. टोक बोथट ठेवा. धागा अडकत नाही एवढी कामटी साफ झाली की ती दुकानच्या सुईइतकेच काम देते.

मुलांना दाखवा: एक बाजू की दोन?

दोन सरळ सुयांच्या मफलरात आपण अर्धा पीळ दिला आणि गोल सुईच्या मफलरात पूर्ण पीळ दिला. दिसायला दोन्ही सारखेच, पण त्यांत मोठा फरक आहे. तो मुलांना कागदावर दाखवता येतो.

जुन्या वर्तमानपत्राच्या दोन लांब पट्ट्या कापा. पहिलीला अर्धा पीळ देऊन टोके डकवा. आता पेन्सिलीने मधोमध रेघ ओढत जा, पेन्सिल उचलू नका. रेघ दोन्ही बाजूंनी फिरून सुरुवातीला येऊन मिळेल. याचा अर्थ या पट्टीला दोन बाजू नाहीत, एकच बाजू आहे! कडही एकच. आता त्या रेघेवरून कात्रीने कापा. दोन गोल होतील असे मुले म्हणतील. पण होईल एकच मोठा गोल.

दुसऱ्या पट्टीला पूर्ण पीळ देऊन डकवा आणि तशीच मधून कापा. या वेळी साखळीच्या कड्यांसारखे एकमेकांत अडकलेले दोन गोल मिळतील.

अर्ध्या पिळाच्या पट्टीचा शोध १८५८ साली दोन जर्मन गणितज्ञांनी, मोबियस आणि लिस्टिंग यांनी, एकमेकांना न कळता स्वतंत्रपणे लावला. तिला आज मोबियसची पट्टी म्हणतात. ती केवळ गंमत नाही. यंत्राच्या पट्ट्याची एकच बाजू झिजू नये, दोन्ही बाजू सारख्या वापरल्या जाव्यात, म्हणून पट्ट्याला अर्धा पीळ देऊन जोडण्याची युक्ती यंत्रकामात वापरली गेली आहे. कारखान्यात काम करणाऱ्या बापाला मुलांना हे नीट समजावून सांगता येईल.

गोल सुईवर मात्र अर्धा पीळ सहसा येतच नाही. टाके घातलेली खालची कड आणि टाके बंद केलेली वरची कड शेवटपर्यंत वेगळ्या राहतात. कडा दोन असल्या की पीळ पूर्णच असतो. कॅट बोर्धी नावाच्या अमेरिकन विणकाम शिक्षिकेने गोल सुईची वायर दुहेरी वळवून त्यावर खरी मोबियसची पट्टी विणण्याची रीत २००४ साली आपल्या पुस्तकात दिली. त्या बाई २०२० साली वारल्या. पण दोन सरळ सुया आणि एक शिवण एवढ्यावर तीच पट्टी आपल्या घरात तयार होते. महागड्या सामानाचे काहीच अडत नाही.

विकायचा असेल तर हिशेब

शेवटी पैशाची गोष्ट. घरच्यासाठी विणणे वेगळे आणि दुसऱ्याला विणून देणे वेगळे. ‘बसल्या बसल्या तर विणतेस, त्याचे काय एवढे?’ असे म्हणणारे बरेच भेटतील. त्यांना टाके मोजून दाखवा.

१४१ टाके गुणिले ५४ फेऱ्या म्हणजे ७,६१४ टाके. सवयीच्या हाताने मिनिटाला १५ टाके धरले तरी साडेआठ तास होतात. म्हणजे एक मफलर हा एका दिवसाचा रोज आहे. आपल्या गावी बाईला दिवसाचा जो रोज मिळतो तो धरा, त्यात लोकरीची किंमत मिळवा. त्याच्या खाली मफलर विकला तर तुम्ही तो फुकट विणला असे होते. बाजारात यंत्रावर विणलेला मफलर यापेक्षा स्वस्त मिळेल, हे खरे आहे. तेव्हा विणकामाकडे पोटापाण्याचा धंदा म्हणून बघण्याआधी हा हिशेब वहीत लिहून पाहा. कुणी मागणी केली तर आधी लोकरीचे पैसे घ्या आणि मजुरी ठरवा, मगच सुई हातात घ्या. मैत्रिणीला किंवा बहिणीला भेट द्यायची असेल तर हिशेब नको, पण हे साडेआठ तास तुमचे गेले हे तिलाही कळू द्या.

रोज रात्री भांडी-धुणी आवरल्यावर तासभर मिळाला तर आठ-नऊ दिवसांत मफलर पुरा होतो. पहिला मफलर घरात जो सगळ्यात पहाटे बाहेर पडतो त्याच्यासाठी विणा. त्याच्या हाती देताना दोन गोष्टी बजावून सांगा: गाडीवर असताना मफलर जाकिटाच्या आत ठेवायचा आणि यंत्राजवळ जाण्याआधी गळ्यातून काढायचा.

जयभीम!